पाळण्यात न दिसलेले पाय

गायक एकदा मोठा झाला की त्याची जुनी, त्या वेळी कुणी न विचारलेली गाणी कपाटातून बाहेर निघतात. ब्रिटिश पॉपगायक डेव्हिड बोवीचा ‘अर्ली ऑन’ हा असाच संग्रह. अमेरिकेतल्या ऱ्हायनो कंपनीने तो १९९१ साली काढला आणि त्यात १९६४ ते १९६६ मधली ध्वनिमुद्रणं आहेत. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशा खात्रीनेच आपण असे संग्रह ऐकायला बसतो. इथे ते दिसत नाहीत, आणि माझ्या मते संग्रहाचं मोल त्यातच आहे.

‘लायझा जेन’ या १९६४ च्या पहिल्या तबकडीवर बोवी हे नावच नाही. तिथे आहेत डेव्ही जोन्स आणि किंग बीज. सतरा वर्षांचा लंडनचा पोरगा अमेरिकी ब्लूज गायकांसारखा घसा खरवडून गातो आहे. पुढच्या वर्षीचं ‘आय पिटी द फूल’ तर मुळात बॉबी ब्लँडचं. त्याचा निर्माता शेल टॅल्मी, म्हणजे किंक्स आणि द हू यांना ध्वनिमुद्रित करणारा माणूस. गिटारवर पुढे लेड झेपेलिनमुळे गाजलेला जिमी पेज. एवढा सरंजाम असूनही गाणं पडलं. मग आली थेट द हूच्या वळणाची नक्कल. जानेवारी १९६६ मधल्या ‘कान्ट हेल्प थिंकिंग अबाउट मी’वर बोवी हे नाव प्रथम छापलं गेलं. घराण्याला बट्टा लावून गाव सोडणारा तरुण त्यात बोलतो, आणि उसनेपणा जरा मागे सरतो. तेही फारसं चाललं नाही. पुढे झिगी स्टारडस्टसारखी सोंगं वठवणाऱ्याची ही तालीमच होती, असं कुणी म्हणेल. पण तेव्हाच्या लंडनमध्ये बँड आणि नावं बदलणारी पोरं पैशाला पासरी होती. ती सगळी काही बोवी झाली नाहीत.

असे संग्रह म्हणजे कंपन्यांचा धंदा आहे, हा आक्षेप खोटा नाही. १९६७ चं ‘द लाफिंग नोम’ हे बालिश गाणं बोवी गाजल्यावर १९७३ मध्ये पुन्हा विकलं गेलं आणि ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकावर पोचलं. ‘अर्ली ऑन’ला वेगळं ठरवतो तो त्यातला क्रम आणि साल, फसलेलं गाणं इथे त्या काळचं फसलेलं गाणं म्हणूनच ऐकू येतं. कलावंताने मागे टाकलेलं उकरू नये, हा आक्षेप अधिक वजनदार. संग्रहातल्या अप्रकाशित कच्च्या मुद्रणांपुरता तो मला मान्य आहे. ती बाहेर येणं-न येणं त्याच्याच मर्जीवर असायला हवं होतं. बाकीच्या तबकड्या मात्र त्या काळी राजरोस दुकानात होत्या. शिवाय बोवीने २००० साली यांतली काही गाणी ‘टॉय’साठी स्वतःच पुन्हा गायली. कंपनीने तो अल्बम अडवला आणि तो त्याच्या मृत्यूनंतर, २०२१ मध्ये बाहेर आला. पण पन्नाशी ओलांडलेल्या गायकाने आणि मुरलेल्या वादकांनी त्यात सगळे खाचखळगे बुजवून टाकले आहेत, त्यामुळे ‘टॉय’ हाती असूनही ‘अर्ली ऑन’ ऐकावाच लागतो.