‘दोन मिनिटं ये गं जरा!’

तुमच्या घरात कॉलेजात जाणारी मुलगी आहे का? लेक, नणंद, भाची, पुतणी, कोणीही असो. असेल आणि तिची परीक्षा तोंडावर आली असेल, तर हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि आधी हे वाचा. कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या मोजा, म्हणजे झालं!

माझ्या नणंदेची मुलगी तीन वर्षं आमच्याकडे शिकायला होती. नणंदेचं गाव रोह्याच्या अलीकडे. तिथून रोज पनवेलला येणं-जाणं म्हणजे निम्मा दिवस प्रवासात. म्हणून मीच म्हटलं होतं, “पाठवा तिला. मामाचं घर काय परकं आहे?” मुलगी गुणी, मितभाषी. बी.कॉम.ला प्रवेश मिळाला आणि ती आमच्या घरातलीच एक होऊन गेली. इथेच तर सगळी गोम होती, पण ते मला फार उशिरा कळलं.

शेवटच्या वर्षाच्या पाचव्या सेमिस्टरचा निकाल लागला. बाकी सगळे विषय सुटले, पण कॉस्टिंगमध्ये चार गुणांनी राहिली. मुलांच्या भाषेत ‘केटी लागली’. म्हणजे सहाव्या सेमिस्टरच्या परीक्षेबरोबर तो पेपरही पुन्हा द्यायचा. त्याच संध्याकाळी नणंदेच्या यजमानांचा फोन आला. “वहिनी, आता उन्हाळ्यापर्यंत बघू. नाहीच जमलं तर पुरे झालं शिक्षण. दोन स्थळं सांगून आलीच आहेत.”

भाची पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने ऐकलं. काही बोलली नाही. घड्या मात्र पुन्हा उलगडून पुन्हा घातल्या.

खरं सांगू? मला तिचाच राग आला होता. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. ‘अभ्यास कसा करावा’ हे लोकांच्या मुलांना सांगणारी बाई मी, आणि माझ्याच घरातली मुलगी नापास! “मोबाइल कमी बघत जा,” असं मी तिला ऐकवलंसुद्धा. आपल्या सगळ्यांकडे हे एकच औषध तयार असतं, नाही का?

मग परीक्षेच्या आदल्या आठवड्यातला तो रविवार आला. आमच्या घरचा अगदी नेहमीचा रविवार. तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने असाच असेल.

पहाटे साडेपाचला ती उठली आणि वही घेऊन बसली. साडेसहाला घर जागं झालं. चहा, पाणी भरणं, पोह्यांचे कांदे. मग हे उरण नाक्यावरून मासळी घेऊन आले. कोळंबी सोलायला दोन हातांपेक्षा चार बरे. दहाला तिची मैत्रीण अभ्यासाला यायची होती, पण रविवार म्हणजे हार्बर लाइनवर मेगाब्लॉक. ती आली साडेअकराला. आणि तिच्या पाठोपाठ आले पाहुणे!

पनवेलकर मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. आपलं गावच वाटेवरचं. मुंबई-गोवा महामार्ग इथून सुरू होतो, पुण्याचा द्रुतगती मार्ग जवळच कळंबोलीहून निघतो. अलिबागला जाणारे, कोकणात जाणारे, पुण्याहून परतणारे सगळे आपल्याच दारात गाडी थांबवतात. “अहो, वाटेतच होतो, म्हटलं डोकावून जावं.” ते डोकावतात आणि आपण चार वाट्या तांदूळ जास्त धुतो. त्या दिवशी ठाण्याची पाच माणसं होती. मैत्रीण बिचारी अर्ध्या तासात संकोचून निघून गेली. दुपारी भांडी आवरली, चारला पुन्हा चहा, संध्याकाळी माझ्या तिसरीतल्या चिरंजीवांचा पाढा घ्यायचा, तोही ताईनेच. रात्री साडेनऊला ती पुन्हा वही घेऊन बसली आणि दहाला टेबलावर डोकं टेकून झोपली.

तिच्या अंगावर चादर घालायला गेले, तर वही उघडीच होती. प्रोसेस कॉस्टिंगचं एक मोठं गणित अर्धवट सोडवलेलं. आणि समासात बारीक अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं होतं :

‘११.५० पाणी दिलं. १२.१० कोथिंबीर. १२.२५ पानं घेतली. २.४० बेल. ३.०५ दळण. ३.३० मामीची चावी सापडत नव्हती.’

पान उलटलं. तिथेही तेच. सकाळपासूनच्या अशा सतरा नोंदी! तक्रार म्हणून लिहिलेल्या नव्हत्या हो. गणितात आपण कुठे थांबलो ते परत आल्यावर सापडावं, म्हणून केलेल्या खुणा होत्या. पण त्या सतरा नोंदींपैकी बारा हाका माझ्या होत्या. आणि प्रत्येक वेळी मी एकच म्हटलं होतं, “दोन मिनिटं ये गं जरा!”

दुसऱ्या दिवशी कणीक मळता मळता मी तिला सहज विचारलं, “ते प्रोसेस कॉस्टिंग म्हणजे असतं तरी काय गं?” मी बी.ए.वाली, मला हिशेबातलं काय कळणार? तिने फार छान समजावलं. “मामी, तू लोणी कढवतेस ना? एक किलो लोण्याचं एक किलो तूप कधी निघतं का? जे घटतं ते घटणारच. ते धरूनच तुपाचा भाव काढायचा. हा नॉर्मल लॉस. पण तू फोनवर बोलत बसलीस आणि तूप उतू जाऊन ओट्यावर सांडलं, तर तो अ‍ॅबनॉर्मल लॉस. तो तुपाच्या भावात मिसळायचा नाही. वेगळा काढून नफा-तोट्याच्या खात्यात दाखवायचा, म्हणजे मालकाला कळतं की चूक कुठे झाली.”

माझे हात कणकेतच थांबले. आंघोळ, जेवण, घटकाभर डुलकी, मैत्रिणीशी चार गप्पा ही दिवसातली साहजिक घट. ती धरायलाच हवी. पण ओट्यावर सांडत होतं ते वेगळंच, आणि ते आजवर आम्ही कुठल्याच खात्यात दाखवलं नव्हतं. उलट मालाच्या, म्हणजे पोरीच्याच, नावावर टाकून मोकळे झालो होतो!

मला याच घरातली जुनी गोष्ट आठवली. माझं नवीन लग्न झालं होतं आणि धाकटे दीर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षेच्या दिवसांत घर कसं चवड्यांवर चालायचं! टीव्हीचा आवाज बंद. चहा खोलीच्या दारात. भिजवलेले बदाम सोलून वाटीत. पाहुणे आले तर “भाऊजींचा अभ्यास चाललाय” असं मीच ओठांवर बोट ठेवून सांगायची. त्यांना कोणी कोथिंबीर निवडायला बोलावलं नाही. चावी त्यांना कोणी विचारली नाही. हा पहारा कोणी केला होता? सासूबाईंनी आणि मीच. म्हणजे आम्हाला जमत नव्हतं असं नाही. आम्हाला सुचलं नव्हतं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आजची नाही. रमाबाई रानड्यांच्या आठवणी तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचल्या असतील. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे त्यांचं पुस्तक १९१० साली आलं. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या पुण्यात आल्या, तेव्हा न्यायमूर्ती स्वतः शिकवायला तयार होते. अडवत होत्या त्या घरातल्याच बायका. बाहेर समाजाचा विरोध होता तो होताच, पण रोजचे टोमणे आणि रुसवे माजघरातले होते. आज आपण कोणी मुलीच्या शिकण्याला नावं ठेवत नाही. फी भरतो, वह्या आणतो, अभिमानाने चारचौघांत सांगतो. फक्त तिच्या हातातलं पेन दर वीस मिनिटांनी खाली ठेवायला लावतो!

आणि मुलींची संधी काय सहजासहजी दाराशी आली का? रयत शिक्षण संस्थेचं महात्मा फुले महाविद्यालय पनवेलमध्ये १९७० साली निघालं. हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली ती १९९८ मध्ये. त्याआधीच्या कितीतरी मुलींचं शिक्षण ‘कॉलेज लांब पडतं’ या एका वाक्यावर संपलं. आता कॉलेज जवळ आलंय. तर मग घरातला ओटा कशाला आडवा यावा?

मी ती वही सासूबाईंना दाखवली. त्या भाचीच्या सख्ख्या आजी. आधी त्या फणकारल्याच. “मुलीच्या जातीला कामं यायला नकोत का? आम्ही काय बसून खाल्लं?” मी म्हटलं, “कामं तिला सगळी येतात, आई. कोळंबी माझ्यापेक्षा छान सोलते. कॉस्टिंग तेवढं राहिलंय.” त्या गप्प झाल्या. चष्मा लावून समासातली ती नोंद नि नोंद त्यांनी बोट ठेवून वाचली. मग म्हणाल्या, “मला चौथीतून काढली तेव्हा धाकट्याला सांभाळायला कोणी नव्हतं. तेव्हाही ‘थोडे दिवस’ असंच म्हणाले होते.”

पुढचा रविवार दोन पेपरांच्या मधला. सोमवारी कॉस्टिंग. त्या दिवशी आम्ही काय केलं ते सांगते. तुम्हाला यातलं जे जमेल ते घ्या.

शनिवारी रात्रीच भाजी चिरून, वाल सोलून, कणीक भिजवून ठेवली. रविवारचा बेत साधा : बिरडं, भात, ताक. एक दिवस मासळी नाही खाल्ली तर काही बिघडत नाही. दळण, इस्त्री, बाजार ही कामं यांच्याकडे आणि चिरंजीवांकडे. पाढाही बाबांनी घेतला. बाबांना बारा तेरं किती ते आठवेना, ही गोष्ट वेगळी!

दिवसाचे तीन भाग केले : सकाळी साडेसहा ते साडेनऊ, साडेदहा ते एक, आणि दुपारच्या झोपेनंतर चार ते सात. या वेळात तिला हाक मारायची नाही. अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. दोन मिनिटांच्या कामाने दोनच मिनिटं जात नाहीत. तुटलेला धागा पुन्हा सापडेपर्यंत आणखी दहा जातात. तिचा मोबाइल तिने आपण होऊन माझ्या पिठाच्या डब्यावर आणून ठेवला. बोलावणं थांबलं, तशी मोबाइलमध्ये तोंड लपवायची गरजही कमी झाली असावी.

स्वयंपाकघरात ती यायची ती तिच्या इच्छेने, आणि हात हलवत. यायची, वही मिटून मला एकेक प्रकरण तोंडी सांगायची. याचा फार उपयोग होतो बरं का! अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला होता. एका गटाने धडा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. तेव्हा तुम्हाला विषय कळत नसला तरी चालेल. ऐकणारं माणूस व्हा. मधूनच “म्हणजे काय गं?” एवढं विचारा, की झालं.

हॉल तिकीट, ओळखपत्र, साधा कॅल्क्युलेटर, दोन पेनं हे सगळं संध्याकाळीच एका पिशवीत. रात्री दहाला दिवा बंद. जागरण करून वाचलेलं डोक्यात टिकत नाही. दिवसभराचं वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच.

आणि पाहुणे? येणार नाहीत असं कसं होईल! बाराच्या सुमाराला बेल वाजलीच. मी उठायच्या आत सासूबाई दाराशी पोचल्या. “या, बसा. पन्हं घ्या. आवाज मात्र हळू हं, आमच्या नातीचा उद्या पेपर आहे.” पाहुण्यांनी पन्हं घेतलं आणि वीस मिनिटांत निघाले. रागावले वगैरे काही नाहीत. उलट जाताना हळूच दारातून म्हणाले, “बेस्ट लक सांगा तिला.”

रात्री मी मुद्दाम वही उघडून पाहिली. गणितं पानामागून पानं सोडवलेली. समासात एकच नोंद होती : ‘४.०० आजीने पन्हं आणून दिलं.’

निकालात कॉस्टिंगचे दोन्ही पेपर सुटले. गुण काही डोंगराएवढे नाहीत, पण स्वच्छ पास. नणंदेच्या यजमानांनी स्थळांना “एवढ्यात नाही” असं कळवलं. भाची आता एका हिशेबनिसाच्या कचेरीत कामाला जाते आणि एम.कॉम.ही करते. रविवारी मीच तिला विचारते, “तुला आज वेळ आहे का गं?”

कुकरच्या शिट्ट्या झाल्या ना तुमच्या? आता एक करा. तुमच्या घरातली मुलगी आत अभ्यासाला बसली असेल आणि तिला हाक मारायला तोंड उघडलंच असेल, तर क्षणभर थांबा. कोथिंबीर तुम्हीच निवडा. चावी तुम्हीच शोधा. बहुतेक ती नेहमीच्या खुंटीवरच असेल.