जोखीम कोणाच्या पदरची?

मराठीत ‘जोखीम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक नुकसानीचा धोका आणि दुसरा जवळ बाळगलेला सोन्यानाण्याचा ऐवज. ‘जवळ जोखीम आहे, रात्रीचा प्रवास नको’ असे घरातली वडीलधारी माणसे बजावतात, तेव्हा धोका आणि ऐवज यांत फरक उरत नाही, कारण ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही असते त्यालाच धोका असतो. व्यवहारातल्या धाडसाचे मोल ठरवताना हा अर्थ हाताशी असावा, म्हणजे पणाला लागलेला ऐवज कोणाचा होता हे विचारण्याचे राहून जात नाही. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात तर या प्रश्नाला शतकानुशतकांचा इतिहास आहे.

महंमद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवून तिचे नाव दौलताबाद ठेवले. दक्षिणेपर्यंत पसरलेल्या राज्याचा कारभार मध्यवर्ती ठिकाणाहून चालावा, हा त्यामागचा विचार मुळीच वेडगळ नव्हता. परंतु पणाला लागली ती दिल्लीकरांची घरेदारे, आणि त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. काही वर्षांतच राजधानी परत गेली, 1347 मध्ये दौलताबादेतच बहमनी सत्ता उभी राहून दख्खन दिल्लीच्या हातून निसटले आणि मराठीत ‘तुघलकी कारभार’ हा शब्दप्रयोग कायमचा राहिला.

तेथून जवळच असलेल्या वेरूळचे कैलास लेणे हे त्याहून कितीतरी मोठे धाडस होते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात घडलेले हे मंदिर बांधलेले नसून, डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलेले आहे. मंडपाच्या छतावर वर्तुळाकार कमळ आणि त्यावर चार सिंह आहेत. ते घडवले जात होते तेव्हा त्यांच्याखालचे खांब, गाभारा आणि जोत्यावरचे हत्ती अजून अखंड कातळातच होते. बांधकामात चुकलेला दगड काढून दुसरा बसवता येतो, कोरीव कामात ती सोय नसते. भोवतालच्या उभ्या कड्यावर छिन्नीचे तिरके घाव आजही स्पष्ट दिसतात. तरीही हे अंधारातले पाऊल नव्हते: वेरूळच्या कातळात पिढ्यान्‌पिढ्या लेणी कोरली गेली होती, आणि रचनेसाठी पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराचा नमुनाही समोर होता.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी 1921 मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. ज्या धोक्याची शक्यता मोजता येते ती जोखीम, ज्याची मोजता येत नाही ती अनिश्चितता, आणि उद्योजकाचा नफा हा मुख्यतः दुसरी पत्करल्याचा मोबदला होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. वेरूळच्या कारागिरांनी अनुभवाच्या बळावर अनिश्चिततेचा बराचसा भाग जोखमीत आणून ठेवला होता, असे म्हणता येते.

याच परिसरातल्या वाळूज औद्योगिक वसाहतीत 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या पूरक उद्योगांचे जाळे वाढत गेले. त्याच वर्षी अनुरंग जैन यांनी ॲल्युमिनियम डाय कास्टिंगच्या, म्हणजे वितळलेला धातू पोलादी साच्यात दाबाने भरून भाग घडवण्याच्या, दोन यंत्रांवर एन्ड्युरन्स या कंपनीची सुरुवात केली. त्यांचे जुळे बंधू तरंग जैन यांनी व्हेरॉक ही कंपनी उभी केली. दोघेही बजाज ऑटोचे तेव्हाचे प्रमुख राहुल बजाज यांचे भाचे, त्यामुळे पाठीशी असलेले घराणे वगळून त्यांच्या धाडसाचे माप काढणे योग्य होणार नाही. व्हेरॉकची खरी कसोटी 2012 मध्ये लागली, जेव्हा तिने व्हिस्टिऑन या अमेरिकी कंपनीचा मोटारींच्या दिव्यांचा जागतिक व्यवसाय 9.2 कोटी डॉलरला घेतला. पुढे तो तोट्यात गेला आणि 2022 मध्ये त्यातील युरोप-अमेरिकेचा भाग प्लास्टिक ऑम्नियम या फ्रेंच कंपनीला विकण्याचा करार झाला. भारतातला मूळ धंदा टिकून असल्याने कंपनी उभी राहिली. फसलेल्या डावातून वेळीच पाय काढून घेण्यालाही धैर्य लागते, आणि त्याचे कौतुक सहसा कोणी करत नाही.

परंतु औद्योगिक वसाहतीतले सर्वांत मोठे धाडस त्याहून लहान शेडमध्ये चालते. दोन लेथ यंत्रे आणि चार कामगार यांच्या बळावर जॉबवर्क करणारा उद्योजक बहुधा राहते घर किंवा वडिलोपार्जित जमीन तारण ठेवून कर्ज काढतो. त्याचा ऐवज खरोखरच त्याच्या पदरचा असतो. वरच्या कारखान्याची मागणी घटली की पहिला फटका त्याला बसतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे 45 दिवसांच्या आत चुकते करावे लागतात, अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. ते व्याज मागण्याचा हक्क त्याला आहे. पण मागितले तर पुढची ऑर्डर मिळेल की नाही, हा हिशेब त्याला आधी करावा लागतो, आणि महिनाअखेरीस कामगारांचा पगार तर त्यालाच भागवायचा असतो.