पहिली विद्युत एकचाकी निवडताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या बंगळूर येथील शाखेत एक गृहस्थ वैयक्तिक कर्जाच्या चौकशीसाठी आले. मूळचे सांगलीकडचे, वीस-बावीस वर्षांपासून येथे स्थायिक, वय पंचेचाळिशीच्या आसपास. समोरचा अधिकारी मराठी आहे हे लक्षात येताच त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. कर्जाचे प्रयोजन विचारल्यावर काहीशा संकोचाने म्हणाले, "साहेब, एकचाकी घ्यायची आहे. विजेवर चालणारी." मला प्रथम सर्कशीतली एकचाकी सायकल आठवली. त्यांनी भ्रमणध्वनीवर चित्रफीत दाखविली. एका जाड चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पेडलांवर एक मनुष्य उभा होता. त्याच्या पुढे हँडल नव्हते, बसायला आसन नव्हते, आणि तो सरळ रस्त्याने निवांत चालला होता.

त्यांची गरज खरी होती. ते ज्या संस्थेत काम करतात तिचे आवार विस्तीर्ण आहे. वाहने प्रवेशद्वारापाशी ठेवावी लागतात आणि तेथून त्यांची इमारत जवळजवळ दोन किलोमीटर. आवारात अशी छोटी विद्युत साधने वापरण्यास व्यवस्थापनाची परवानगी होती. "अडचण एकच," ते म्हणाले, "माझा तोल बेताचाच आहे. सायकल शिकलो नववीत, आणि आजही एक हात सोडला की आडवा होतो."

हे ऐकून मला त्यांच्याविषयी आपुलकी वाटली, कारण मीही त्याच पंथातला. कर्जाचा अर्ज तेथेच पुढे सरकविणे सोपे होते. पण जी वस्तू त्यांना वापरता येईल की नाही याची शाश्वती नाही, तिच्यासाठी तीन वर्षांचा हप्ता लावून घेणे त्यांच्या हिताचे होईना. म्हणून आम्ही दोघांनी थोडा अभ्यास करायचे ठरविले. त्या अभ्यासातून आणि पुढे त्यांच्या सोसायटीच्या आवारात खाल्लेल्या धडपडींतून जे हाती लागले, ते येथे मांडीत आहे.

तोल कोण सांभाळते?

२००१ साली अमेरिकेत सेगवे नावाचे, हँडल असलेले दोन चाकांचे स्वयंसंतुलित वाहन आले, आणि साधारण दहा वर्षांनी, २०११ च्या सुमारास, शेन चेन या संशोधकाने सोलोव्हील ही एकचाकी बाजारात आणली. आज इनमोशन, किंगसाँग, बिगोड या चिनी कंपन्यांच्या एकचाक्या जगभर चालतात. सर्वांमागचे तत्त्व एकच आहे. मी वाणिज्य शाखेचा, भौतिकशास्त्र दहावीनंतर सुटले. पण तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ आपण सर्वांनी केलेला आहे. काठी पुढे झुकली की हात पुढे न्यावा लागतो. एकचाकीत काठी म्हणजे आपण आणि हात म्हणजे चाक. आतील संवेदक आपण किती कललो हे क्षणोक्षणी मोजतात आणि चाकातच बसविलेली मोटार चाक आपल्या खाली आणून ठेवते. पुढे कलले की वेग वाढतो, मागे कलले की कमी होतो. वेगळा ब्रेक नसतो. थांबविण्याचे कामही मोटारच करते.

नवशिक्याची फसगत होते ती यापुढे. विक्रेते 'स्वयंसंतुलित' हा शब्द ठळक छापतात, परंतु हे संतुलन केवळ पुढच्या-मागच्या दिशेचे असते. डावीकडे-उजवीकडे पडण्यापासून यंत्र आपल्याला वाचवीत नाही. ते काम सायकलप्रमाणेच करावे लागते: ज्या बाजूला कलतो त्या बाजूला चाक किंचित वळवून ते पुन्हा आपल्या खाली आणायचे. आणि सायकलप्रमाणेच येथेही अत्यंत हळू जाणे हेच सर्वांत अवघड असते. चालण्याच्या वेगाला चाक डगमगते, तर ताशी आठ-दहा किलोमीटरला तेच चाक सरळ धावू लागते. ज्याचा तोल कच्चा आहे तो भीतीपोटी हळू जातो, हळू जातो म्हणून पडतो आणि पडतो म्हणून आणखी घाबरतो.

कच्चा तोल म्हणजे नेमके काय?

सराव नसणे आणि शरीरात काही दोष असणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. तोल आपण तीन मार्गांनी सांभाळतो: कानाच्या आतील संतुलनेंद्रिय, डोळे, आणि तळपाय व सांधे यांतून मिळणारी जाणीव. ज्यांना डोके वळविताच भोवळ येते, मधुमेहामुळे तळपायांच्या संवेदना मंदावल्या आहेत किंवा हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले आहे, त्यांनी यंत्रे पाहण्याआधी डॉक्टरांना भेटावे. एकचाकीवर पायांना जे कळते तेच सुकाणूचे काम करते. तळपाय बधिर असतील तर उत्तमातले उत्तम चाकही उपयोगाचे नाही.

असा काही दोष नसेल तर घरच्या घरी भिंतीजवळ एका पायावर उभे राहून पाहावे. आमचे हे गृहस्थ पहिल्या दिवशी डाव्या पायावर सात सेकंद टिकले. रोज दात घासताना सराव करून तीन आठवड्यांत ते अर्ध्या मिनिटावर गेले. हा आकडा काही वैद्यकीय कसोटी नव्हे. परंतु एकचाकीवर चढताना काही क्षण एका पायावर सारा भार असतो, त्यामुळे हा सराव वाया जात नाही एवढे मात्र खरे.

चाक कोणते घ्यावे?

बाजारात १४ इंचांपासून २० इंचांपर्यंत आणि त्याहून मोठीही चाके आहेत. लहान चाक चपळ असते, चटकन वळते, पण खड्ड्यात तितक्याच चटकन अडते. मोठे चाक एकदा धावू लागले की स्थिर असते, पण ते वळवायला अंगात सवय मुरलेली असावी लागते. शिवाय वजनाचा प्रश्न आहे. १४ किंवा १६ इंचांची साधी एकचाकी १२ ते १५ किलोंत मिळते. मोठी यंत्रे ३० किलोंच्या पुढे जातात. नवशिक्याच्या हातून चाक दिवसातून वीस वेळा पडते आणि वीस वेळा उचलावे लागते. माझ्या मते कच्च्या तोलाच्या माणसाने १६ इंचांचे, १५ किलोंच्या आतले चाक घ्यावे. अंगकाठी लहान असेल तर १४ इंचही चालेल.

टायरची रुंदी मात्र फसवी आहे. फार रुंद टायर उभा ठेवला तर आपोआप उभा राहतो, म्हणून घेणाऱ्याला तो सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात तो वळायला नाखूश असतो आणि तोल सावरण्यासाठी तर क्षणोक्षणी थोडेथोडे वळावेच लागते. सव्वादोन ते अडीच इंचांचा टायर शिकताना बरा पडतो. टायरमधील हवा कमी झाली तरी चाक जड व हट्टी होते; आम्ही पहिले दोन दिवस स्वतःला दोष देत होतो, तो दोष खरे तर हवेचा होता. व्हॉल्व्हपर्यंत पंप सहज पोचतो का, हे घेतानाच पाहावे, कारण पंक्चर काढायला बहुधा यंत्राचे कवच उघडावे लागते आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला ते ठाऊक नसते.

पेडल रुंद आणि लांब असावेत, पूर्ण बूट मावला पाहिजे. पोटऱ्या टेकतात तेथे मऊ गादी असावी. अन्यथा आठवडाभर पाय काळेनिळे होतात. ओढून नेण्याचा दांडा असावा. उचलल्यावर मोटार बंद करण्याची कळ आहे का, हे विचारावे. ती नसेल किंवा आपण ती दाबायला विसरलो, तर हातात धरलेले चाक भरधाव फिरू लागते. २०२० नंतर झटके शोषणारी, स्प्रिंगची एकचाकी यंत्रेही आली आहेत. ती उत्तम आहेत, पण जड आणि महाग. पहिल्या खरेदीत त्यांची गरज नाही.

मोटारीची शक्ती आणि बॅटरी यांकडे मात्र काटकसरीच्या नजरेने पाहू नये. आपल्याला सरळ उभे ठेवण्यासाठी मोटारीजवळ सतत काही शक्ती शिल्लक असावी लागते. वेग वाढला, चढ आला, बॅटरी उतरली किंवा स्वाराचे वजन जास्त असले की ही शिल्लक घटते. यंत्र प्रथम शिटी वाजवून सावध करते, मग पेडलांची पुढची बाजू वर उचलून आपल्याला मागे रेटते. तरीही पुढे झुकत राहिले तर मोटार हात टेकते आणि स्वार तोंडावर आपटतो. आम्हा बँकवाल्यांना ही गोष्ट लगेच समजते: खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागते तसेच हे आहे, फक्त दंड हाडांना भरावा लागतो. म्हणून कमाल वेगाचा जो आकडा जाहिरातीत असतो, त्याच्या निम्म्या-पाऊण वेगानेच चालवावे, आणि बॅटरी अगदी तळाला नेऊ नये. साधारण ५०० वॅट-तासांची बॅटरी मध्यम वजनाच्या माणसाला २५ ते ३० किलोमीटर नेते. जाहिरातीत याहून बरेच लिहिलेले असते. आणखी एक बारकावा: पूर्ण भारित बॅटरीनिशी लगेच मोठ्या उतारावर जाऊ नये. उतारावर मोटार वीज परत बॅटरीत पाठविते, आणि ती घ्यायला बॅटरीत जागा नसते.

पैसा, कायदा आणि विमा

या गृहस्थांनी परदेशातून मागविण्याचा, वाहतूक व सीमाशुल्क धरून, सव्वा लाख रुपयांचा अंदाज आणला होता. उदाहरणादाखल बारा टक्के व्याज धरले तर ३६ महिन्यांचा हप्ता सुमारे ४,१५२ रुपये येतो आणि व्याजापोटी एकूण साडेचोवीस हजारांच्या आसपास जातात. वाहनकर्ज यासाठी मिळत नाही, कारण ज्या नोंदणीपुस्तकावर बँक आपला बोजा चढविते ते पुस्तकच या वाहनाला नसते. "मग अमेरिकेतून येताना पुतण्या सामानात आणील," असा त्यांचा पर्यायी बेत होता. तोही जमणारा नव्हता: प्रवासी विमानात १६० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही, आणि कामाच्या एकचाकीची बॅटरी त्याच्या तिप्पट तरी असते.

कायद्याची बाजू त्याहून महत्त्वाची आहे. आपल्याकडे २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची मोटार, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि इतर अटी पाळणारे बॅटरीवरील दुचाकी वाहन नोंदणीतून मुक्त आहे. बहुतेक एकचाक्या यात बसत नाहीत आणि नोंदणी होण्याजोगी मान्यताही त्यांना नसते. त्यामुळे सार्वजनिक रस्ता वर्ज्य समजावा. खासगी आवारात, मालकाच्या परवानगीनेच वापरावी. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनीही हे लक्षात ठेवावे, कारण देशोदेशींचे नियम भिन्न आहेत. फ्रान्समध्ये २०१९ पासून ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत ती रस्त्यावर चालते. जर्मनीने त्याच वर्षी केलेल्या नियमांत हँडल सक्तीचे असल्याने एकचाकी बाहेर राहिली. ब्रिटनमध्ये ती खासगी जागेपुरतीच आहे.

अपघात विमा असेल तर त्यातील अपवादांचे कलम वाचावे. कायद्याचा भंग आणि साहसी खेळ ही दोन कारणे तेथे पुष्कळदा आढळतात. वर्षाला २० रुपयांत मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मृत्यू व कायम अपंगत्व यांसाठी आहे. मोडलेल्या मनगटाचा खर्च त्यातून निघत नाही, आणि एकचाकीवर मोडते ते बहुधा मनगटच. म्हणून हेल्मेट आणि स्केटिंग करणारी मुले घालतात तसले मनगट, कोपर व गुडघ्यांचे गार्ड हे खरेदीच्याच रकमेत धरावेत, नंतर पाहू म्हणू नये.

या साऱ्याचा विचार करून त्यांनी कर्जाचा अर्ज मागे ठेवला आणि त्यांच्याच आवारातील एका तरुण सहकाऱ्याकडून १६ इंचांची वापरलेली एकचाकी बचतीतून घेतली. पहिले चाक आपटणारच, तेव्हा ते आधीच ओरखडलेले असलेले बरे. घेण्यापूर्वी आम्ही मालकाला ती पूर्ण भारित करून बॅटरी पाव उरेपर्यंत चालवायला लावली आणि अंतर लिहून घेतले. बॅटरी किती थकली आहे याचा यापेक्षा सोपा पुरावा नाही. कवचाभोवती जुन्या योगासनाच्या चटईचे तुकडे चिकटविले. दांड्याला एक पट्टा बांधून तो हातात धरला, म्हणजे आपण उतरलो तरी चाक पळून कोणाच्या पायावर जात नाही.

सराव रोज वीस मिनिटेच केला. थकल्यावर तोल आधी जातो हे पहिल्याच रविवारी कळले होते. तीन दिवस कठड्याला धरून, मग एक पाय पेडलावर ठेवून दुसऱ्याने जमीन रेटीत, मग दोन्ही पाय वर. नजर चाकावर गेली की पडणे ठरलेले. समोरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिले की चार हात पुढे जाता येई. उतरण्याचा सराव चढण्याइतकाच केला.

नवव्या दिवशी त्यांनी सलग पन्नास पावलांचे अंतर कापले. माझे अजून तीसच्या पुढे गेलेले नाही. दिवाळीनंतर ते प्रवेशद्वारापासून कार्यालयापर्यंत एकचाकीने जाऊ लागले. उजवीकडे त्यांना अजून नीट वळता येत नाही. म्हणून शेवटच्या चौकात ते उतरतात, चाक हाताने वळवितात आणि पुन्हा चढतात.