कच्च्या ग्रामीण रस्त्यांवरील प्रकाशपरावर्तक खुणा : तत्त्व, उपयोजन आणि मर्यादा

प्रस्तावना

दिवसाच्या उजेडात कच्चा रस्ता वाहनचालकाला बरीच माहिती पुरवीत असतो. चाकोऱ्या, कडेचे बांध, बाभळींची रांग, विजेचे खांब आणि समोरून येणाऱ्या वाहनाचा धुरळा यांवरून रस्त्याची दिशा सहज ओळखता येते. सूर्यास्तानंतर ही माहिती जवळजवळ नाहीशी होते. डांबरी रस्त्यावर निदान काळा पृष्ठभाग आणि साईडपट्टी यांच्या रंगांत फरक असतो. मुरमाच्या रस्त्यावर मात्र रस्ता, साईडपट्टी आणि शेजारचे पडीक रान यांचा रंग एकच असल्याने कड कोठे संपते हे दिव्याच्या झोतातही स्पष्ट होत नाही.

महाराष्ट्रातील पाणंद रस्ते, शिवरस्ते आणि वस्त्यांकडे जाणारे गाडीरस्ते यांच्या कडेला कठडा नसलेल्या विहिरी, उघडे चर, अरुंद मोऱ्या आणि ओढ्यावरच्या फरश्या आढळतात. ऊसपट्ट्यात पीक उंच झाले की वळणापलीकडचे काही दिसत नाही आणि नेमक्या गळीत हंगामातच रात्रीची वाहतूक वाढते. अशा ठिकाणी चूक झाल्यास ती सुधारण्यास वाव राहत नाही. कमी खर्चाच्या परावर्तक खुणा येथे कितपत उपयोगी पडतात, त्या कोठे व कशा बसवाव्यात आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रतिपरावर्तनाचे तत्त्व

खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, तर आरशावर पडलेला प्रकाश दुसऱ्या बाजूस निघून जातो. या दोन्हींहून वेगळा प्रकार म्हणजे प्रतिपरावर्तन होय. यात प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत जातो. वाहनाचा दिवा आणि चालकाचे डोळे एकमेकांजवळ असल्यामुळे परतलेल्या प्रकाशाचा मोठा भाग चालकापर्यंत पोहोचतो आणि खूण स्वतःच प्रकाशमान असल्याचा भास होतो.

हे दोन प्रकारे साधले जाते. पहिल्या प्रकारात काचेचे सूक्ष्म मणी वापरतात. मण्यात शिरलेला किरण वक्रीभवनाने मागील पृष्ठभागाकडे वळतो आणि तेथून परावर्तित होऊन आल्या दिशेस परततो. दुसऱ्या प्रकारात परस्परांशी काटकोन करणाऱ्या तीन पृष्ठभागांचा कोपरा असतो. प्रत्येक पृष्ठभागावर किरणाच्या दिशेचा एक घटक उलटतो. तिन्ही घटक उलटले की किरण मूळ दिशेला समांतर परत फिरतो. १९६९ मध्ये अपोलो ११ मोहिमेने चंद्रावर ठेवलेले लेसर परावर्तक याच तत्त्वावर आधारलेले आहेत. सायकलच्या मागील तांबड्या परावर्तकाचे तत्त्वही हेच.

रस्त्यांसाठी या तत्त्वाचा प्रसिद्ध वापर इंग्लंडमधील हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी केला. १९३४ मध्ये त्यांनी 'कॅट्स आय' या खुणेचे पेटंट घेतले. तिच्यातील काचा रबराच्या बैठकीत बसवलेल्या होत्या. वरून चाक गेले की बैठक दबून काचा आपोआप पुसल्या जात. दुसऱ्या महायुद्धातील दिवाबंदीच्या काळात या खुणांचे महत्त्व विशेष जाणवले.

कच्च्या रस्त्याची वेगळी गरज

शॉ यांची खूण किंवा आज महामार्गांवर दिसणारे चौकोनी परावर्तक कच्च्या रस्त्यावर बसवता येत नाहीत. त्यांना चिकटवण्यासाठी अथवा रोवण्यासाठी घट्ट, स्थिर पृष्ठभाग लागतो. मुरूम पावसात मऊ होतो, चाकांखाली सरकतो आणि दुरुस्तीच्या वेळी ग्रेडरच्या पात्याने वरचा थर खरवडला जातो. रंगाचे पट्टेही मुरमावर टिकत नाहीत. त्यामुळे कच्च्या रस्त्यासाठी खूण पृष्ठभागावर न लावता कडेच्या खांबावर लावणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. ऑस्ट्रेलियात लांब पल्ल्याच्या रस्त्यांवर हीच पद्धत रूढ आहे. तेथे चालकाच्या डाव्या हातास तांबडा आणि उजव्या हातास पांढरा परावर्तक दिसतो, त्यामुळे आपण रस्त्याच्या कोणत्या बाजूस आहोत हे रंगावरूनच कळते.

भारतात जयकर समितीच्या शिफारशींनंतर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली. या संस्थेच्या 'आयआरसी ७९' या संहितेत अशा खुणांचे तीन वर्ग केलेले आहेत. रस्त्याची कड व पुढील दिशा दाखवणारे मार्गदर्शक खांब हा पहिला वर्ग होय. मोरी, पूल किंवा कठडा यांसारखे रस्त्यालगतचे अडथळे दाखवणाऱ्या धोकादर्शक खुणा हा दुसरा, तर वाहनांच्या मार्गातच असलेल्या अडथळ्यांवरील खुणा हा तिसरा वर्ग होय. कच्च्या ग्रामीण रस्त्यांचा विचार करता पहिले दोन वर्ग अधिक महत्त्वाचे ठरतात.

अंतर, वेग आणि थांबण्याची शक्यता

खूण किती दुरून दिसावी याचे उत्तर वाहन थांबण्यास लागणाऱ्या अंतरात आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापते. चालकाच्या प्रतिसादासाठी २.५ सेकंद धरल्यास ब्रेक लागण्यापूर्वीच सुमारे २८ मीटर अंतर संपते. सुट्या मुरमावर घर्षणगुणांक ०.३० मानला, तर पुढे आणखी २१ मीटर लागतात. म्हणजे एकूण अंतर ४९ मीटरच्या आसपास जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाला हेच अंतर सुमारे ८९ मीटर होते. वेग दीडपट झाला, तरी थांबण्याचे अंतर जवळजवळ पावणेदोनपट वाढते. मंद झोतात मातकट रंगाचा विहिरीचा काठ इतक्या दुरून दिसण्याची अपेक्षा धरता येत नाही. परावर्तक खूण मात्र याहून बऱ्याच अधिक अंतरावरून दिसू शकते. तिचे खरे मोल या वाढीव अंतरात आहे.

वळणावर एकच खूण पुरेशी नसते. वळणाचा आकार कळण्यासाठी एका वेळी अनेक खुणा दिसाव्या लागतात. अमेरिकेतील वाहतूकनियंत्रण नियमपुस्तिकेनुसार वळणाच्या त्रिज्येतून ५० फूट वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाची तिप्पट, इतके फूट अंतर दोन खांबांत ठेवतात. त्रिज्या ५०० फूट असल्यास हे अंतर सुमारे ६४ फूट, म्हणजे १९ ते २० मीटर येते. त्रिज्या २०० फूट असल्यास ते सुमारे ३७ फूट, म्हणजे ११ मीटर येते. वळण जितके तीव्र, तितके खांब जवळजवळ असावेत, हा या सूत्राचा आशय होय.

एक महत्त्वाचा इशारा

खुणा लावल्या की सुरक्षितता वाढलीच, असे गृहीत धरणे योग्य नाही. फिनलंडमधील संशोधक वेली-पेक्का काल्बर्ग यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याविरुद्ध निष्कर्ष आढळतो. ताशी ८० किलोमीटर वेगमर्यादेच्या दुय्यम रस्त्यांवर परावर्तक खांब उभारल्यानंतर अंधारातील वेग वाढला आणि दुखापतीचे अपघातही वाढले. रस्त्याची दिशा दुरून दिसू लागल्याने चालकांचा आत्मविश्वास वाढला. रस्त्याची रुंदी, पृष्ठभाग आणि वळणे मात्र पूर्वीचीच राहिली.

भारतातील कच्च्या रस्त्यांसाठी हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येणार नाही, कारण येथे खड्डे आणि सुटी खडी यांमुळे वेग मुळातच कमी असतो. तरीही त्यातून एक धोरण सूचित होते. संपूर्ण रस्त्यावर सलग खांब उभारण्याऐवजी विहीर, मोरी, फरशी, तीव्र वळण आणि भराव्याची कड अशी धोक्याची ठिकाणे निवडून तेथेच खुणा लावाव्यात. अशी खूण चालकाला 'पुढे वाट मोकळी आहे' असे न सांगता 'येथे सावध व्हा' असे सांगते.

मर्यादा आणि देखभाल

प्रतिपरावर्तनाचा लाभ केवळ ज्याच्याजवळ दिवा आहे त्यालाच मिळतो. पायी चालणारे शेतमजूर, बिनदिव्याची सायकल चालवणारे विद्यार्थी आणि बैलगाडीवान यांना ही खूण अंधारात दिसत नाही. यासाठी परावर्तकाच्या जोडीने खांबाला चुन्याचा पांढरा पट्टा देणे आवश्यक ठरते. पांढरा रंग प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, त्यामुळे चांदण्यातही खांब ओळखू येतो. झाडांच्या बुंध्यांना गेरू व चुन्याचे पट्टे देण्याच्या जुन्या प्रथेमागे हाच विचार आहे. बैलगाड्या आणि ट्रॉल्यांच्या मागे परावर्तक पट्ट्या लावणे हेही याच कार्याचे दुसरे अंग होय. कारण रस्त्याची कड दिसली, तरी पुढे संथपणे चाललेली गाडी दिसेलच असे नाही.

धूळ हा कच्च्या रस्त्यावरील परावर्तकाचा मोठा शत्रू आहे. धुळीचा थर प्रकाश आत जाताना आणि बाहेर येताना असा दोनदा अडवतो. खूण जमिनीलगत असल्यास चिखलाचे शिंतोडे व गवत यांनी ती झाकली जाते. म्हणून परावर्तक जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर असावा. पावसाळ्यानंतर वाढलेले गवत व घाणेरी काढणे, धुळीच्या दिवसांत काचा पुसणे आणि कललेले खांब सरळ करणे ही कामे ठरलेल्या वेळी झाली पाहिजेत. धातूचे खांब चोरीस जाण्याची शक्यता असल्याने सिमेंटचे किंवा प्लॅस्टिकचे खांब अधिक सोयीचे पडतात. मात्र सिमेंटचा जाड खांब दुचाकीस्वारासाठी स्वतःच धोका ठरू शकतो, याचेही भान ठेवावे लागते. खूण पुसट झाली की चालकाची फसगत होते. ओळखीच्या ठिकाणी ती न दिसल्यास तो धोका अद्याप दूर आहे असे समजतो.

निष्कर्ष

परावर्तक खुणा हा पक्क्या रस्त्याला अथवा विहिरीच्या कठड्याला पर्याय नव्हे. कठडा बांधणे शक्य असेल तेथे तो बांधणेच इष्ट. तथापि रस्ता पक्का होईपर्यंत आणि कठड्यासाठी निधी मिळेपर्यंतच्या काळात, योग्य जागी लावलेली व नियमित पुसलेली खूण थांबण्यासाठी लागणारे अंतर मिळवून देते. हे कार्य एकट्या अभियंत्याचे नाही. परावर्तनाचे मोजमाप हा भौतिकशास्त्राचा, धोक्याच्या ठिकाणांचा नकाशा हा भूगोलाचा, तर देखभालीची जबाबदारी कोणी घ्यावी हा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अभ्यासाचा विषय आहे. १९६९ पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरांत ग्रामपंचायतीच्या सहकार्याने असे नकाशे तयार करणे महाविद्यालयांना सहज शक्य आहे. मात्र खांब उभारण्यापूर्वी, शिबिर संपल्यानंतर तो पुसणार कोण, या प्रश्नाचे उत्तर निश्चित करणे अगत्याचे आहे.