टॅरोमधील तेरावे पान

टॅरोच्या ७८ पानांत सर्वाधिक धास्ती घेतली जाते ती तेराव्या पानाची. पान उलटले आणि पांढऱ्या घोड्यावर स्वार झालेला, चिलखत ल्यायलेला सांगाडा समोर आला, की पृच्छकाचा चेहरा उतरतो. चित्राखाली 'डेथ' असे स्पष्ट छापलेले असते. घरात कोणी आजारी असेल तर मन थेट त्या अंथरुणापाशी जाऊन पोहोचते. चित्रपटांनीही ही भीती चांगलीच पोसली आहे. वस्तुतः टॅरोच्या जाणकारांमध्ये या पानाचा अर्थ देहाचा मृत्यू असा क्वचितच लावला जातो.

साधा हिशेब मांडला तरी हे लक्षात येते. 'सेल्टिक क्रॉस' ही टॅरोची सुपरिचित मांडणी १० पानांची आहे. ७८ पानांतून १० पाने काढली, तर त्यांत तेरावे पान असण्याची शक्यता जवळजवळ १३ टक्के असते; म्हणजे साधारणतः दर आठ मांडण्यांमध्ये ते एकदा दिसणारच. ते खरोखर मरणाची सूचना देत असते, तर टॅरो पाहणाऱ्यांच्या दारी रोजच शोककळा पसरली असती!

मग हे पान आले कोठून? टॅरोचा जन्म भविष्यकथनासाठी झालेला नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतील सरदार घराण्यांमध्ये तो एक पत्त्यांचा खेळ होता. नेहमीच्या चार रंगांच्या पानांना २१ चित्रमय हुकमाची पाने आणि एक 'मूर्ख' जोडलेला असे. मृत्यू हे त्यांतले एक हुकूम. १३४७-४८ मध्ये युरोपात शिरलेली प्लेगची साथ पुढे वारंवार परतत राहिली. चर्चच्या भिंतींवर राजा, धर्मगुरू, शेतकरी अशा सर्वांना हाताला धरून नाचवत नेणारे सांगाडे रंगविले जाऊ लागले. त्या काळच्या माणसाला पत्त्यांत मृत्यू दिसणे यात नवल वाटले नसावे. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी रंगविलेल्या कॅटमध्ये हा मृत्यू हाती धनुष्यबाण घेऊन उभा आहे. (योगायोग असा, की त्या कॅटमधील 'सैतान' आणि 'मनोरा' ही पाने काळाच्या ओघात नाहीशी झाली, मृत्यू मात्र टिकून राहिला.)

खेळातील त्याचे स्थान अर्थाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. मृत्यू हे शेवटचे हुकूम नव्हे. त्याच्याहून वरचढ पाने होती आणि ती पडली की मृत्यूचाही हात मारला जाई. पुढे रूढ झालेल्या क्रमात तो तेरावा आहे आणि त्याच्यानंतर आणखी आठ पाने येतात. लगेचचे चौदावे पान 'संयम'. त्यावर एक देवदूत शांतपणे एका पेल्यातील पाणी दुसऱ्यात ओतत असतो.

फ्रान्समध्ये रूढ झालेल्या मार्सेय पद्धतीच्या कॅटमध्ये या पानावर बहुधा फक्त क्रमांक आढळतो, नाव नसते. काळ्या जमिनीवर लांब दांड्याचा विळा चालवणारा सांगाडा, भोवती विखुरलेले हात, पाय आणि मस्तके, असे ते चित्र आहे. त्यातील एका मस्तकावर मुकुट आहे. सांगाड्याचा आविर्भाव मात्र मारेकऱ्याचा नसून कापणीला उतरलेल्या शेतकऱ्याचा आहे. या पानांत गूढ ज्ञान दडले आहे, ही कल्पना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये टॅरोचे मूळ प्राचीन इजिप्तमध्ये असल्याचे प्रतिपादन केले. त्याला आधार काहीच नव्हता, परंतु कल्पना रुजली.

आज सर्वत्र दिसणारे चित्र १९०९ सालचे आहे. आर्थर एडवर्ड वेट यांच्या संकल्पनेनुसार पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने ते लंडनमध्ये रेखाटले. हे चित्र निवांत पाहण्याजोगे आहे. घोड्याच्या पायाशी राजा मरून पडला आहे, त्याचा मुकुट बाजूला लोळतो आहे. सोनेरी वस्त्रांतील धर्मगुरू हात जोडून उभा आहे. गुडघ्यांवर बसलेल्या तरुणीने मान वळवून घेतली आहे. तिच्याजवळचे लहान मूल तेवढे त्या स्वाराकडे निर्भयपणे पाहते आहे. सत्ता, श्रद्धा, तारुण्य आणि बाल्य यांची मृत्यूला सामोरे जाण्याची तऱ्हा अशी निरनिराळी. स्वाराच्या हातात शस्त्र नाही. आहे ते काळे निशाण आणि त्यावर पांढरा गुलाब. वेट यांच्या मते हा गुलाब जीवनाचे प्रतीक. मागे नदी वाहते, तीत नौका आहे आणि क्षितिजावर दोन मनोऱ्यांमधून सूर्य दिसतो. तो उगवतो आहे की मावळतो आहे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. वेट त्याला अमरत्वाचा सूर्य म्हणतात.

गूढविद्येच्या 'गोल्डन डॉन' या इंग्रजी पंथाने या पानाशी वृश्चिक रास जोडली. वृश्चिक ही राशिचक्रातील आठवी रास आणि आपल्याकडेही कुंडलीतील आठवे स्थान मृत्यूचे मानतात, हे वाचकांना ठाऊक असेलच.

तर या पानाचा अर्थ 'समाप्ती'. एखादे नाते, नोकरी, व्यवसाय किंवा स्वतःविषयीची जुनी समजूत यांचे आयुष्य संपले आहे, असे ते सुचवते. 'मनोरा' या सोळाव्या पानात विजेच्या लोळासारखा अकस्मात आघात असतो. येथे मात्र पिकलेले फळ गळून पडावे तसा शेवट आहे. पान उलटे पडले तर अर्थ जडत्वाकडे झुकतो. संपलेली गोष्ट माणूस सोडत नाही, झोपेत चालल्यासारखा तिच्याभोवती फिरत राहतो.

अलीकडे काही जण दुसऱ्या टोकाला जातात. हे पान म्हणजे केवळ सुखद परिवर्तन, घाबरू नका, नवी सुरुवात होणार, असे हसतमुखाने सांगितले जाते. हेही खरे नव्हे. चित्रातला राजा खरोखरच मेलेला आहे. तो उठून बसणार नाही. वीस वर्षांची नोकरी सुटलेल्या माणसाला नव्या सुरुवातीचे गोडवे ऐकवण्यापूर्वी जे गेले ते गेले, एवढे मान्य करू द्यावे लागते. त्याच्या दुःखाला जागा देणारा अर्थच प्रामाणिक म्हणावा लागेल.

पत्ते भविष्य जाणतात, याला शास्त्रीय पुरावा नाही. पिसलेल्या कॅटमधून कोणते पान वर येईल, हा योगायोगाचा भाग. तरीही मनातील प्रश्नाला वाचा फोडण्याचे साधन म्हणून कोणी टॅरोकडे पाहत असेल, तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते तेरावे पान दाखवून कुणाच्या आयुष्याची मुदत सांगणे आणि ते टाळण्यासाठी शांती, खडा किंवा विधी यांचे पैसे उकळणे. आजारपणाचा प्रश्न डॉक्टरांचा आहे. टॅरोच्या कोणत्याही परंपरेत या पानावरचा 'उतारा' सांगितलेला नाही. तो कोणी सांगू लागला, तर पृच्छकाने खुशाल उठून घरी जावे.