आठवड्याला पाच ओळी

वसतिगृहावरून मुलीचा फोन येतो. आवाज पडलेला. ‘कंटाळा आलाय गं आई!’ आणि आपण लगेच सुरू होतो, ‘तुला काय कमी आहे? आमच्या वेळी...’ की पलीकडून फोन बंद! होतं ना असं, मैत्रिणींनो?

उपदेशाऐवजी तिला एक साधी वही सुचवून पाहा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एमन्स आणि मॅककलो यांचा कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. काही जणांनी दर आठवड्याला, मनापासून आभार मानावेत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. काहींनी कटकटी लिहिल्या. दहा आठवड्यांनी आभार लिहिणारे अधिक समाधानी आढळले. दुखण्याखुपण्याच्या तक्रारीही त्यांच्या कमी होत्या.

पण रोज लिहिण्याचा धोशा लावू नका हं! ल्युबोमिर्स्की यांच्या २००५ मधल्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. ‘मेसच्या मावशींनी गरम पोळी वाढली’, ‘मैत्रिणीने नोट्स दिल्या’ असं छोटं, नेमकं लिहावं. आणि वही तिची. आपण डोकावायचं नाही.

वही म्हणजे औषध नव्हे, हेही ध्यानात ठेवा. दोन आठवडे झोप-जेवण उडालं, मन कशातच रमेना, तर डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

आणि पुढचा फोन आला, की आधी तिचं सगळं ऐकून घ्या. वहीचं मागाहून!