नाताळात ‘युरोप’ पाहायचाय? जळगावहून जुना गोवा गाठा. पण २५ डिसेंबरची वाट पाहू नका!

जळगाव/धुळे : डिसेंबर आला की खानदेशातल्या घराघरांत, मित्रांच्या ग्रुपवर एकच विषय असतो, ‘नाताळच्या सुट्टीत गोवा.’ बहुतेकांचा बेत कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर सुरू होतो आणि तिथेच संपतो. पणजीपासून सुमारे १० किलोमीटरवर मात्र एक आख्खे जुने युरोपीय शहर उभे आहे, किंवा त्याचे जे उरले ते. ‘पूर्वेचे रोम’ म्हणून ओळखले गेलेले हे शहर म्हणजे जुना गोवा. नाताळच्या हंगामात तिथे कधी जायचे, काय पाहायचे आणि काय टाळायचे, समजून घेऊ.

हे शहर आले कुठून?

२५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोन्सो द अल्बुकर्कने हे शहर विजापूरच्या आदिलशाहीकडून जिंकले. तो दिवस संत कॅथरीन यांच्या सणाचा होता, म्हणून इथले ‘से कॅथेड्रल’ त्यांच्याच नावाने आहे. त्याचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले. आशियातील सर्वांत मोठ्या चर्चपैकी हे एक. याला पूर्वी दोन मनोरे होते. एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही. त्यामुळे समोरून पाहिल्यावर इमारत एका बाजूने अपुरी वाटते. उरलेल्या मनोऱ्यात प्रसिद्ध ‘सोन्याची घंटा’ आहे.

समोरच ‘बॉम जिझस बॅसिलिका’ आहे. बांधकामाची सुरुवात १५९४, लोकार्पण १६०५. इथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव चांदीच्या पेटीत ठेवले आहे. पेटी गोव्याच्या कारागिरांची, तर तिच्याखालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या फ्लॉरेन्सहून आलेला. या परिसरातील चर्च आणि मठांना युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतले.

मग शहर ओस का पडले?

लढाईने नव्हे, रोगराईने. दाट वस्ती, सांडपाण्याची सोय नाही, विहिरींचे पाणी दूषित. साथींमागून साथी आल्या. व्हाइसरॉयने १६९५ मध्ये मुक्काम जवळच्या पाणेली येथे आणि १७५९ मध्ये पणजीला हलवला. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. जुन्या शहरातील इमारती पाडून त्यांचा दगड नव्या बांधकामांना वापरला गेला. तापीकाठच्या थाळनेरने फारुकी सुलतानांची राजधानी असल्याचे दिवस पाहिले, आज ते शिरपूर तालुक्यातले एक गाव आहे. जुन्या गोव्याची गोष्टही तशीच आहे. फरक इतकाच की इथे चर्च टिकली आणि भोवतालचे शहर गेले.

संत ऑगस्टीन चर्चचा सुमारे ४६ मीटर उंचीचा पडका मनोरा पाहिला की हे नेमके कळते. १८३५ मध्ये मठ रिकामा झाला आणि सात वर्षांत छताची कमान कोसळली.

या वैभवाला काळी बाजूही आहे. १५६० मध्ये इथे ‘इन्क्विझिशन’ म्हणजे धर्मन्यायालय सुरू झाले. अनेकांचा छळ झाला, शिक्षा झाल्या. ते कायमचे बंद झाले १८१२ मध्ये. त्याची इमारत आज उभी नाही, पण हा इतिहास माहीत नसेल तर शहर अर्धेच पाहिल्यासारखे होते.

खानदेशशी काय संबंध?

थेट संबंध आहे. १६०१ मध्ये अकबराने फारुकींचा असीरगड घेतला, तेव्हा त्याच्या छावणीत जेरोम झेवियर हे जेसुइट धर्मगुरू होते. ते फ्रान्सिस झेवियर यांचे नातलग. गडाच्या आत फारुकींच्या चाकरीत सात पोर्तुगीज अधिकारी असल्याचा उल्लेख जेसुइट वृत्तांतात आहे. त्याच वर्षी अकबराने बुऱ्हाणपूरहून गोव्याला वकील पाठवला. म्हणजे खानदेश ते गोवा हा रस्ता चारशे वर्षांपूर्वीही चालू होता.

२५ डिसेंबरलाच का जाऊ नये?

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. जुन्या गोव्याचा सर्वांत मोठा दिवस नाताळ नव्हे, तर ३ डिसेंबर. हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस प्रार्थना चालतात. सिंधुदुर्ग, बेळगावकडून भाविक पायी येतात. ‘गोंयचो सायब’ म्हणून हिंदू कुटुंबेही दर्शनाला येतात. बाहेर खाजे, कपडे, भांड्यांची दुकाने लागतात. सारंगखेड्याची यात्रा पाहिलेल्याला हे वातावरण परके वाटणार नाही. ८ डिसेंबरला पणजीच्या पांढऱ्या चर्चचे फेस्त असते.

नाताळ मात्र घरचा सण आहे. २४ च्या मध्यरात्री प्रार्थना, घरोघरी येशूजन्माच्या गोठ्याचा देखावा, शेजाऱ्यांकडे फराळाची ताटे. त्या ताटात दोदोल, बेबिंकाबरोबर ‘नेवऱ्या’ म्हणजे आपल्या करंज्याही असतात. पर्यटकाला मात्र या काळात भरलेली हॉटेले, चढे भाडे आणि वाहतूक कोंडी मिळते. सजावट ६ जानेवारीच्या ‘तीन राजांच्या’ सणापर्यंत राहते. त्यामुळे डिसेंबरचा पहिला आठवडा किंवा जानेवारीचे पहिले दिवस सोयीचे.

खऱ्या युरोपातही हाच नियम लागू पडतो. जर्मनीतील न्यूरेम्बर्गचा प्रसिद्ध नाताळ बाजार २४ डिसेंबरलाच संपतो आणि २५ ला बहुतेक दुकाने बंद असतात. तिकडे जायचे असेल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या १५ दिवसांवर ढकलू नये. सोबत किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतो.

जायचे कसे?

* विमान : ‘फ्लाय ९१’ने एप्रिल २०२४ मध्ये जळगाव-गोवा (मोपा) सेवा सुरू केली. वार आणि वेळा बदलतात, सध्याचे वेळापत्रक पाहूनच सुट्टी टाका. धुळेकरांनाही जवळचा पर्याय जळगावच. मोपाहून पणजी सुमारे ३५ किमी.
* रेल्वे : भुसावळ आणि मनमाडला थांबणारी गोवा एक्स्प्रेस मडगावला नेते. कोकण रेल्वेवरील करमळी हे जुन्या गोव्याजवळचे स्थानक. आपली गाडी तिथे थांबते का ते तपासा.
* पणजीहून : कदंबच्या बस मिळतात. टॅक्सी केली तर भाडे आधी ठरवा.

हे लक्षात ठेवा

* खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. किनाऱ्यावरून थेट शॉर्ट्समध्ये आलेल्यांना अडवले जाते.
* प्रार्थना सुरू असेल तर फिरू नका, सेल्फी टाळा. ही चालती प्रार्थनास्थळे आहेत.
* चर्चमध्ये प्रवेश मोफत. पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयाला तिकीट आहे आणि ते शुक्रवारी बंद असते.
* पार्थिवाचे जवळून दर्शन दर दहा वर्षांनीच होते. मागचे ५ जानेवारी २०२५ रोजी संपले. एरवी पेटी उंचावरच दिसते.
* किमान अर्धा दिवस ठेवा. सकाळी लवकर पोहोचा.

भिंतीला हात का लावू नये?

बॉम जिझसचा लाल-तपकिरी दगड फोटोत सुंदर दिसतो, पण तो मुळात उघडा नव्हता. भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढला गेला. आपला काळा पाषाण पावसाला दाद देत नाही. जांभा मात्र सच्छिद्र असतो, पाणी शोषतो आणि झिजतो. पुन्हा गिलावा करावा की लोकांच्या ओळखीचे रूप तसेच ठेवावे, यावर गोव्यात वाद सुरू आहे. तो सुटेपर्यंत दर पावसाळ्यात या भिंती थोड्या थोड्या झिजत राहणार. नाव कोरणारे आणि टेकून फोटो काढणारे त्यात भर घालतात. एकदा रिकाम्या झालेल्या या शहराचे जे उरले आहे, ते पुढच्या डिसेंबरला येणाऱ्यांनाही दिसले पाहिजे.